सिटका (अलास्का) : सासू-सासऱ्यांना घेऊन बेटावरच्या गावात सहा दिवस, जास्त होतील का?

प्रतापनगरची_सून

नमस्कार मंडळी, थोडं लांब लिहून राहिले, सांभाळून घ्या. माझा दीर सिअ‍ॅटलला असतो आणि यंदा जुलैत आम्ही सगळे त्याच्याकडे जातोय, म्हणजे मी, नवरा, नऊ वर्षांचा पोट्टा आणि सासू-सासरे. व्हिसा झाले, नागपूर-दिल्ली आणि पुढची तिकिटंही झाली. सगळं ठरलं होतं आणि आता दिराने नवीनच काढलं, की नायगारा-न्यूयॉर्क सगळेच करतात, आपण अलास्कात सिटका म्हणून गाव आहे तिथे घर भाड्याने घेऊन सहा दिवस राहू. मी नकाशा उघडून बघितला तर बाप्पा, गावाला बाहेरून जायला रस्ताच नाही! विमान नाहीतर बोट. चहूकडे समुद्र, जंगल आणि डोंगर.

आता आमची मंडळी सांगते. सासरे ७१, कोळसा खाणीतून रिटायर, गुडघे दोन्ही कुरकुरतात पण सकाळी अंबाझरीला एक चक्कर मारतात. सासूबाई पक्क्या शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, आणि आषाढी एकादशी नेमकी तिथेच येते. पोट्ट्याने ताडोबात अस्वल पाहिलं तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. तर सहा दिवस एका एवढ्याशा गावात काय करायचं, पावसात अडकून घरातच बसावं लागलं तर काय, बोटीने जावं की विमानाने, आणि कोणी खरंच वडीलधाऱ्यांना घेऊन गेलंय का? यूट्यूबवर सगळे तिशीतले लोक पाठीवर सॅक टाकून फिरून राहिलेत, त्यांचं पाहून काय कळणार.

तर्रीपोहे

ताई, पावसात भिजायला एवढा पैसा कशाला? चिखलदऱ्याला जा ना. जुलैत तिथंही धुकं आहे, पाऊस आहे, मेळघाटात अस्वल आहे अन् भजी गरम भेटते. सासूबाईंची एकादशी पण नीट होते. विचारलं म्हणून सांगितलं हो, राग नका मानू 😄

बर्डीवाला_परदेशात

तर्रीपोहे भाऊ, भज्यांचा मुद्दा मान्य. बाकीचं मी सांगतो. अकरा वर्षं झाली सिअ‍ॅटलला, सिटकाला दोनदा गेलो, त्यातल्या दुसऱ्या वेळी आईबाबांना घेऊन.

पहिलं म्हणजे सहा दिवस जास्त नाहीत, उलट दिराला सांगा की परतीचं सिअ‍ॅटल-दिल्ली विमान सिटकाहून निघाल्यावर किमान दोन दिवसांनी असू दे. हे मी अनुभवावरून सांगतोय. पहिल्या वेळी आमचं विमान सिटकाच्या वर आलं, ढगांत दोन गिरक्या मारल्या आणि न उतरताच जुनोला (अलास्काची राजधानी) गेलं. तिथली धावपट्टी समुद्रात भर घालून केलेली, दोन्ही बाजूंना पाणी, मागे लगेच डोंगर, दिसलं नाही तर पायलट रिस्क घेत नाही. तिकडचे लोक याला ‘ओव्हरहेड झालं’ म्हणतात, इतकं नेहमीचं आहे ते. काउंटरवर सांगितलं की हवामानामुळे झालं म्हणजे हॉटेल तुमचं तुम्ही बघा. मी तणतणत होतो आणि शेजारच्या बाकावर एक आजीबाई आरामात स्वेटर विणत होत्या, म्हणाल्या उद्या जाऊ. खरंच दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो. तर मधे कुठलंही घट्ट बुकिंग ठेवू नका, बेटावर घड्याळ ढगांच्या हातात असतं.

बोटीचं म्हणाल तर सरकारी फेरी आहे, अलास्का मरीन हायवे. हायवे नाव आहे पण आहे पाण्यावर. सिअ‍ॅटलच्या उत्तरेला बेलिंगहॅमहून निघते, नुसतं अलास्कातल्या केचिकन बंदराला पोचायलाच ३८ तासांच्या आसपास लागतात, लोक डेकवर टेपने चिकटवून तंबू ठोकतात. सासऱ्यांना घेऊन एवढं नका करू. पण जुनो ते सिटका फेरी साधारण नऊ तासांची आहे, दिवसा असेल तर अवश्य घ्या. शेवटी शेवटी बोट इतक्या अरुंद खाडीतून जाते की दोन्हीकडची झाडं मोजता येतील. भरती-ओहोटीचा ओढा तिथे एवढा जोरात असतो की पाणी शांत व्हायची वेळ साधून बोट आत घालतात. माझे बाबा रेल्वेत होते, ते म्हणाले हे तर सिग्नलला थांबल्यासारखंच आहे. तो सगळा भाग बेटांच्या आडोशाला आहे म्हणून पोटात ढवळत नाही फारसं. फक्त फेरी रोज नसते, आधी टाइमटेबल बघा मग तिकिटं काढा. आणि फेरीचा धक्का गावापासून सात मैल लांब आहे, टॅक्सी सांगून ठेवा.

आता वेळ कसा जातो. गावात एकूण रस्ता इकडच्या टोकापासून तिकडच्या टोकापर्यंत १४ मैल, म्हणजे २२-२३ किमी. आपलं वर्धा रोडने बुटीबोरीपर्यंत जाणं झालं तेवढंच. त्यामुळे धावपळ कसली नाहीच. सकाळी बंदरावर जाऊन बसलो, मच्छीमारांच्या बोटी येताना बघितल्या, दुपारी झोप, संध्याकाळी टोटेम पोलच्या, म्हणजे कोरलेल्या लाकडी खांबांच्या, पार्कात चक्कर. जुलैत रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. आईला पहिले दोन दिवस झोपायचं कधी तेच कळेना, उजेड आहे म्हणून ती परत चहा ठेवायची.

पार्कातली वाट सपाट आहे, गुडघ्यांना त्रास नाही. स्प्रूसची उंच झाडं, खाली शेवाळ, आणि मधेच एकदम कोरलेला खांब उभा, कावळा, अस्वल, बेडूक एकावर एक. बाजूने इंडियन रिव्हर वाहते. जुलैच्या शेवटी गुलाबी सामन मासे समुद्रातून नदीत चढायला लागतात आणि ऑगस्टमध्ये तर तळ दिसत नाही. अंडी घालतात आणि तिथेच मरतात, वास येतो, हे सांगून ठेवतो.

अजून एक, सगळ्यात कामाची गोष्ट. क्रूझच्या जहाजांचं वेळापत्रक बघून घ्या. गाव साडेआठ हजारांचं आणि काही दिवशी एकाच दिवसात जवळजवळ तेवढेच लोक जहाजातून उतरतात, लिंकन स्ट्रीट हा गावातला मुख्य रस्ता गाड्यांना बंद करतात, अगदी मारबतीच्या दिवशी इतवारी होते तसं. त्या दिवशी घरी बसून खिचडी करा किंवा रस्त्याच्या उत्तरेच्या टोकाला स्टॅरिगॅव्हनला जा. संध्याकाळी जहाजं गेली की गाव परत गावकऱ्यांचं.

नकाशे_मास्तर

भूगोल शिकवून निवृत्त झालो, त्यामुळे थोडं जास्त बोलीन.

सिटका बॅरानॉफ बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे, अक्षांश ५७ उत्तर, आपलं नागपूर २१. अलास्का म्हटलं की लोक बर्फाची घरं डोळ्यांसमोर आणतात पण इथे समुद्रामुळे हिवाळाही फार कडक नसतो आणि उन्हाळाही तापत नाही. जुलैत दुपारी १५-१६ डिग्री. नागपूरची डिसेंबरातली रात्र दिवसभर चालू आहे असं समजा. पॅसिफिकवरून येणारे ओले वारे थेट समुद्रातून उठलेल्या डोंगरांवर आपटतात, म्हणून पाऊस. वर्षाला साधारण २२०० मिमी, म्हणजे नागपूरच्या दुप्पट. पण आपला पाऊस चार महिन्यांत धो-धो येऊन जातो, तिथला बारा महिने भुरभुरतो. मे-जून त्यातल्या त्यात कोरडे, सप्टेंबर-ऑक्टोबर सगळ्यात ओले, तुमचा जुलै मधला. त्या पावसावरच टोंगासचं जंगल उभं आहे, अमेरिकेतलं सगळ्यात मोठं राष्ट्रीय वन.

सासऱ्यांना इतिहासाची आवड असेल तर कॅसल हिलवर नक्की न्या, छोटीशी टेकडी आहे आणि चढायला रॅम्प आहे. १८ ऑक्टोबर १८६७ ला रशियाचा झेंडा उतरवून अमेरिकेचा चढवला तो इथेच, ७२ लाख डॉलरला सगळं अलास्का. त्याआधी हे गाव रशियन अमेरिकेची राजधानी, नाव न्यू आर्केंजल. रशियन आले ते समुद्री पाणमांजराच्या कातड्यासाठी, आणि इतकी मारली की त्या भागात ती संपलीच. १९६० च्या दशकात दुसरीकडून आणून परत सोडली, आज बोटीतून गेलात की पाठीवर तरंगत पोटावर शिंपले फोडताना दिसतात. आणि हे विकणं-घेणं झालं ते दोन परक्यांमध्ये, जमीन होती तिथल्या मूळच्या त्लिंगिट लोकांची. १८०४ मध्ये ते रशियनांशी लढले होते, ती लढाईची जागा म्हणजेच बर्डीवाल्यांनी सांगितलेलं टोटेमचं पार्क. तिथे फोटो काढताना हे मुलाला सांगा.

गावाच्या मधोमध सेंट मायकेल कॅथेड्रल आहे, कांद्याच्या आकाराचे घुमट असलेलं. १८४८ मधलं लाकडी चर्च २ जानेवारी १९६६ ला आगीत गेलं. त्या रात्री गावकऱ्यांनी माणसांची साखळी करून आतली पवित्र चित्रं हातोहात बाहेर काढली, म्हणून ती वाचली. मोजमापाचे नकाशे आधीच काढून ठेवलेले होते, त्यावरून १९७६ पर्यंत तसंच्या तसं परत उभं केलं, यावेळी न जळणाऱ्या सामानात.

एक गंमत. समोर समुद्रात माउंट एजकंब नावाचा ज्वालामुखी दिसतो, ढग नसतील तर. शंकूसारखा, ३२०१ फूट. १९७४ च्या १ एप्रिलला गावातल्या एका माणसाने हेलिकॉप्टरने जुने टायर वर नेऊन विवरात पेटवले. गाव घाबरलं की ज्वालामुखी जागा झाला. कोस्ट गार्डचं हेलिकॉप्टर बघायला गेलं तर बर्फावर रंगाने मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, एप्रिल फूल!

प्रतापनगरची_सून

मास्तर, तुमचा मेसेज सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. टायरचं ऐकून ते इतके हसले की ठसका लागला, आता ते जायच्या बाजूने आहेत. सासूबाई मात्र अजून गप्प आहेत, गप्प म्हणजे विरोध. त्यांचा एकच प्रश्न, तिथे खायचं काय. माझे दोन. अस्वलं गावात येतात का, आणि कोणाची तब्येत बिघडली तर?

डबा_भरून

खाण्याचं मी सांगते. मिस्टरांचं माशांच्या संशोधनाचं काम होतं म्हणून एक पूर्ण उन्हाळा सिटकात काढला, मी मूळची गोकुळपेठची.

किराणा दुकानं आहेत, चांगली आहेत, पण सगळं सिअ‍ॅटलहून बार्जवर (मालवाहू सपाट बोट) येतं म्हणून महाग. बार्ज उशिरा आली की भाजीच्या फळ्या रिकाम्या. बटाटे, कांदे, कोबी, दूध, दही, तांदूळ, बीन्स मिळतं. सांबार मिळालं तर नशीब (बाहेरच्यांसाठी, आम्हा नागपूरकरांचं सांबार म्हणजे कोथिंबीर, इडलीबरोबरचं नाही). तूरडाळ, साबुदाणा, शेंगदाणे, भगर, गोडा मसाला सगळं सिअ‍ॅटलच्या इंडियन स्टोअरमधून घेऊन जा, नागपूरहून ओझं आणू नका. सिअ‍ॅटल-सिटका विमानात डाळ-तांदळाला कोणी काही म्हणत नाही. लहान कुकर मात्र घरून आणा, भाड्याच्या घरात कुकर सापडत नाही. एकादशीला साबुदाणा भिजवताना लक्षात ठेवा, थंडीत लवकर फुलत नाही, मी रात्रभर ठेवायची तरी सकाळी कडक.

आणि सासूबाईंना सांगा, जुलैत रस्त्याच्या कडेला सामनबेरी पिकलेली असते. केशरी, लाल, रास्पबेरीसारखी दिसते, चव जरा पाणचट पण पिकलेली असली की गोड. मी दह्याचा रिकामा डबा घेऊन निघायची आणि अर्ध्या तासात भरून यायचा. फळच ते, फराळाला चालतं. मात्र अस्वलालाही तीच आवडते म्हणून झुडपात आत घुसायचं नाही, कडेचीच तोडायची, मोठ्याने गप्पा मारत.

खाणाऱ्यांसाठी पण सांगते. शेजारचा मच्छीमार एकदा आख्खा सामन देऊन गेला, आणि माझ्याकडे आईने दिलेला सावजी मसाला होता. जवसाचं तेल नव्हतं, साधंच घेतलं. कांदा, खोबरं तव्यावर काळं होईपर्यंत भाजलं तर धुराचा अलार्म वाजायला लागला, एक दार उघडून टॉवेलने हवा घालतंय, दुसरा खुर्चीवर चढून अलार्म बंद करतोय. रस्सा उकळल्यावर मासा शेवटी टाकायचा हे विसरले, त्यामुळे सगळा मोडला, पण काय लागला म्हणता! शेजाऱ्याला वाटीभर दिला, त्याला घाम फुटला, नाक पुसत पुसत परत वाटी पुढे केली. साफ करून उरलेलं माशाचं काही बाहेर ठेवू नका, कचऱ्याचा डबासुद्धा रात्री बाहेर ठेवायचा नाही, उचलायच्या दिवशी सकाळीच काढायचा. तिथे यावरून दंड होतो, आणि ते बरोबरच आहे, कारण कचऱ्याला चटावलेलं अस्वल शेवटी गोळी खाऊन मरतं.

तर्रीपोहे

अस्वलावर आता मस्करी नाही करत. आमचे मामा चंद्रपूरकडले, मोहफुलं वेचायला पहाटे गेले होते अन् अस्वलाने डोक्याची कातडी काढली. वाचले, पण आजही टोपी घालून असतात. आपल्या अस्वलाचं असं आहे की ते दचकलं की अंगावर येतं. म्हणून आमच्याकडे जंगलात जाताना काठी आपटत, बोलत जातात. तिकडलं तर तिप्पट मोठं असेल. पोट्ट्याला पुढे पळू देऊ नका ताई, एवढंच.

बर्डीवाला_परदेशात

भाऊ, तिकडेही अगदी हेच सांगतात, बोलत जा, टाळ्या वाजवा, एकत्र चाला. बॅरानॉफवर तपकिरी अस्वल आहे, काळं नाहीच जंगलात. सामन नदीत आले की ती नदीकाठी येतात, कधी कधी पार्काची वाटही बंद करतात, पाटी असेल तर वळून परत यायचं. बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलाला पळवायचा तिखट फवारा, विमानात नेता येत नाही, ना हातातल्या बॅगेत ना चेक-इनमध्ये, तिथेच घ्यायचा आणि निघताना तिथेच कोणाला तरी देऊन यायचं.

पोट्ट्यासाठी फोर्ट्रेस ऑफ द बेअर आहे. लाकडाचा लगदा करणाऱ्या जुन्या कारखान्याच्या प्रचंड गोल टाक्या होत्या, त्यात आई मेलेली अस्वलाची पिल्लं वाढवतात. वरून बघायचं. माझ्या बाबांना आधी वाटलं झू आहे म्हणून नाराज होते, मग एक अस्वल पाण्यात टायर घेऊन खेळायला लागलं तर तासभर हलले नाहीत. आणि जखमी गरुडांचा दवाखाना आहे, अलास्का रॅप्टर सेंटर, तिथे परत उडायला शिकवायचा मोठा बंदिस्त हॉल आहे, आपण एका बाजूने काचेतून बघतो. टकले गरुड तसे बंदरावर कावळ्यासारखे बसलेले दिसतातच. छोट्या बोटीने सेंट लाझारिया बेटाकडे पफिन नावाचे समुद्रपक्षी बघायला नेतात, पण ते उघड्या समुद्रात आहे, उलटीची गोळी आधी घ्या आणि सासऱ्यांना विचारून ठरवा.

तब्येतीचं. गावात हॉस्पिटल आहे, पण मोठं काही निघालं तर विमानाने अँकरेज किंवा सिअ‍ॅटलला हलवतात आणि त्याचं बिल ऐकून चांगला माणूस आजारी पडेल. इन्शुरन्स घेताना एअर अ‍ॅम्ब्युलन्स आहे का आणि वय ७१ ला किती कव्हर देतात ते नीट वाचा, एजंट सांगतो त्यावर जाऊ नका. गोळ्या दोन आठवड्यांच्या जास्त ठेवा.

थोडी रोख पण ठेवा. २०२४ च्या ऑगस्टअखेर समुद्राखालची केबल तुटली तेव्हा गावाचं इंटरनेट दोन आठवडे जवळपास बंद होतं, कार्डं चालेनात. नकाशे आधीच डाउनलोड करा. आणि मुसळधार पाऊस लागला तर डोंगराखालच्या वाटांना जाऊ नका, २०१५ च्या ऑगस्टमध्ये दरड कोसळून तीन माणसं गेली होती.

हो, छत्री नेऊ नका. तिथे छत्री उघडली की लोक ओळखतात जहाजातून उतरलेत. चांगला रेनकोट, आणि सगळ्यांना रबरी बूट. गावकरी लग्नालासुद्धा तपकिरी गमबूट घालून जातात.

नकाशे_मास्तर

एक राहिलं. कोणी क्रूझने जायचा विचार करत असेल तर, सिअ‍ॅटलहून सुटणारी मोठी जहाजंही मधे कॅनडात व्हिक्टोरियाला थांबतात, कारण परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकेतून अमेरिकेत सरळ फेरी मारायला १८८६ च्या कायद्याने मनाई आहे. म्हणजे कॅनडाचाही व्हिसा बघावा लागतो. तुम्ही विमानाने जाताय म्हणून ती कटकट नाही.

प्रतापनगरची_सून

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद. काल रात्री जेवताना बैठक झाली. सहा दिवस फायनल, जाताना जुनोहून फेरी, येताना विमान, आणि सिअ‍ॅटलला परतल्यावर तीन दिवस मोकळे ठेवलेत. सासूबाईंनी काहीच म्हटलं नाही पण आज सकाळी बघते तर लहान कुकर माळ्यावरून काढून, घासून, उन्हात पालथा ठेवलेला, शिट्टी वेगळी काढून. सासरे गमबुटाच्या चौकशीला गांधीबागेत जाऊन आले, नऊ नंबर मिळाला नाही.

पोट्ट्याचा एक प्रश्न आहे, त्याला उत्तर तुम्हीच द्या, माझं ऐकत नाही. तो विचारतोय की टाकीतल्या अस्वलासाठी संत्रा बर्फी नेली तर चालेल का.

बर्डीवाला_परदेशात

नाही चालत राजा, त्यांना बाहेरचं देत नाहीत. पण तुझ्या काकाचं घर माझ्या घरापासून फार लांब नसेल, बर्फी मला चालते. अर्धा किलो पुरे.